पट्टीतली उचल कुठं गेली?

यंदा फेब्रुवारीत, हळदीचे सौदे ऐन भरात असताना, सांगलीतल्या बऱ्याच अडत दुकानांत, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानांत, चालणाऱ्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरची नवी बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेली, आवृत्ती आली. (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा शेतकऱ्याला मिळणारा हिशोब, आणि उचल म्हणजे त्यानं दुकानातून आधीच घेतलेली रक्कम, जी पट्टीत वजा होते.) ती आल्यापासून जे झालं, त्यावर या सदराकडे पत्रांचा ढीग लागला आहे. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना त्रास झाला त्यांना ते माहीत आहे, आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही. पत्रलेखकांची नावंही त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत. एका पत्राला उत्तर लांबलचक दिलं आहे, कारण त्या माणसाचा पगार त्यात अडकला आहे.

प्रश्न : ताई, मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात एकवीस वर्षं दिवाणजी आहे. मालकांनी नवी आवृत्ती टाकून घेतली. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की तीन शेतकऱ्यांच्या पट्टीत उचल वजाच झालेली नाही. त्यांना पूर्ण पैसे गेले. दोघं स्वतः होऊन परत आले, “दिवाणजी, माझी उचल दिसत नाही पट्टीत” म्हणाले आणि रक्कम भरून गेले. तिसरे फोन उचलत नाहीत. त्यांचे चाळीस हजार मालक माझ्या पगारातून कापणार म्हणतात. कंपनीला फोन केला तर म्हणाले, बीटा आहे, असं होणारच. ताई, यात माझी चूक कुठं झाली ते सांगा. मी रात्री झोपू शकत नाही.
– एक दिवाणजी, सांगली

उत्तर : दिवाणजी, तुमची चूक झालेली नाही. हे मी अंदाजानं म्हणत नाही. तुमचं पत्र आलं त्या रविवारी तुम्ही मला दुकान उघडून दिलंत, आपण अडीच तास बसलो, आणि घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं. ते इथं सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्या मालकांना हे पान दाखवता येईल.

तुमच्या कीबोर्डावर हळदीचा पिवळा थर आहे, त्यातून मी एका खातेदाराचं आडनाव टाइप केलं : कऱ्हाडकर. पट्टीचा पडदा उघडला, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई सगळं बरोबर, आणि उचलीच्या रकान्यात शून्य. मग जुन्या खात्यांची यादी उघडली. तिथंही कऱ्हाडकर, तेच नाव, तेच गाव, आणि उचल जशीच्या तशी. एका माणसाची दोन खाती. तुम्ही म्हणालात, “पण ताई, मी तर दुसरं खातं उघडलंच नाही.” बरोबर आहे, तुम्ही उघडलं नव्हतं.

मग मी दोन्ही नावं उचलून स्प्रेडशीटमध्ये शेजारी शेजारी ठेवली आणि अक्षरांची लांबी मोजणारं सूत्र लावलं. एका कऱ्हाडकरची लांबी ८ आली, दुसऱ्याची ९. डोळ्यांना एकच नाव, यंत्राला दोन.

कारण आहे ‘ऱ्ह’मधला तो भुवईसारखा आडवा र. आपल्या मराठीत हा र फार मोलाचा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यातला फरक त्याच्यावरच उभा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. ज्या कारागिरानं या अक्षरावर काम केलेलं नाही त्याला ही भानगड माहीत असण्याचं कारण नाही. मी सांगलीच्या खणभागात लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवत आले, जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हा र मला शेकडो वेळा आडवा आला आहे, म्हणून मला त्याचा वास लागला.

तुमच्या दुकानात झालं ते असं. जुनी खाती जुन्या फॉन्टातून नव्या आवृत्तीत आणताना कंपनीच्या प्रोग्रॅमनं र दुसऱ्या तऱ्हेनं लिहिला. नव्या आवृत्तीतला कीबोर्ड तो पहिल्या तऱ्हेनं लिहितो. तुम्ही पट्टी करताना नाव टाइप केलंत, प्रोग्रॅमनं शोधलं, त्याला हे नाव सापडलं नाही, आणि त्यानं गुपचूप नवं खातं उघडलं. नव्या खात्यावर उचल असणार कुठून? ज्या तीन पट्ट्या चुकल्या त्यांची आडनावं पाहा : कऱ्हाडकर, बिऱ्हाडे, कुऱ्हाडे. पाटील, माने, शिंदे, कदम यांच्या एकाही पट्टीत घोळ नाही.

र दोन तऱ्हांचा आहे यासाठी मी कंपनीला दोष देणार नाही. ती अडचण जुनी आहे, भल्याभल्यांना चकवते. पण नाव सापडलं नाही तर “हे खातं नवीन उघडू का?” एवढा एक प्रश्न पडद्यावर यायला हवा होता. तुम्ही ते वाचून तिथंच थांबला असतात. पैशाच्या हिशोबात यंत्रानं न विचारता काही करणं हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा दोष आहे. दुसरा दोष, ‘बीटा’ हा शब्द पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात आहे आणि त्याचा अर्थ मराठीत कुठंही लिहिलेला नाही. तिसरा, नवी टाकल्यावर जुनी आवृत्ती उघडतच नाही. आणि हे सगळं फेब्रुवारीत, जेव्हा दिवाणजीला जेवायला उसंत नसते!

आता मालकांसाठी दोन शब्द. मालक, तुमच्याच दुकानात जेव्हा पहिल्यांदा कॉम्प्युटर आला, तेव्हा तुमच्या वडिलांनी हातानं लिहायच्या हिशोबाच्या वह्या, रोजकीर्द आणि खतावणी, लगेच बंद केल्या नव्हत्या. पाडव्यापर्यंत दोन्ही चालू ठेवा, रोज संध्याकाळी ताळा जमवा, असं त्यांनी सांगितलं होतं. हे मला दिवाणजींनीच सांगितलं, कारण ते दोन्हीकडचं लिहायला तेच बसत होते. या वेळी तो ताळा जमवायला जुनं काही शिल्लकच ठेवलं नाही. निर्णय तुमचा होता, आवृत्ती कंपनीची होती. ज्याच्या हातात फक्त टाइप करणं होतं त्याच्या पगारातून ती रक्कम कापू नका. तिसऱ्या शेतकऱ्याच्या गावी स्वतः जा, दोन्ही खात्यांचा छापील कागद घेऊन जा. बहुतेकदा कागद दिसला की माणूस नाही म्हणत नाही.

आणि आता माझ्याकडून जे झालं ते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाळवा तालुक्यातल्या एका मुलीचं चार ओळींचं पत्र मला आलं होतं : “वडिलांच्या पट्टीत उचल वजा नाही, दुकानात म्हणतात कॉम्प्युटर चुकत नाही, आम्ही काय करावं?” त्या आठवड्यात या बीटाबद्दल एकूण २३ पत्रं होती. त्यातली १९ छपाई सावकाश होते, रंग डोळ्यांना टोचतो, तारीख उलटी येते, अशी होती. मी त्या १९ पत्रांना एकत्र उत्तर दिलं आणि त्या मुलीचं पत्र “पुढच्या वेळी” म्हणून बाजूला ठेवलं. ते तेव्हाच हातात घेतलं असतं तर दिवाणजींच्या दुकानातली निदान शेवटची पट्टी वाचली असती. मुली, तुझी मी जाहीर माफी मागते. तुझ्या वडिलांनी रक्कम परत केली हेही मला आता कळलं आहे.

हेच फार मोठ्या प्रमाणावर एकदा जगानं पाहिलं आहे. मायक्रोसॉफ्टनं २ ऑक्टोबर २०१८ला विंडोज १०ची नवी आवृत्ती लोकांसाठी खुली केली. ती टाकल्यावर काहींच्या कागदपत्रांच्या, फोटोंच्या फाईली पुसल्या गेल्या. चार दिवसांत कंपनीला ती थांबवावी लागली आणि दुरुस्त होऊन ती परत आली १३ नोव्हेंबरला. पण त्याहून महत्त्वाचं असं की, बीटाची चाचणी करणाऱ्या काही लोकांनी फाईली गेल्याचं आधीच कळवून ठेवलं होतं. ते कळवायची जी सोय होती तिथं ज्या तक्रारीला जास्त लोक दुजोरा देतील ती वर चढायची. फाईल जाणारे थोडे, म्हणून तक्रार तळाशी राहिली. पुढं कंपनीनं त्या सोयीत बदल केला : तक्रार करतानाच, नुकसान किती गंभीर आहे हेही सांगता येऊ लागलं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे फाईली गेलेल्यांचं प्रमाण दहा हजारांत एक एवढंच होतं. तो एक जण म्हणजे कुणाच्या तरी मुलाच्या बारशाचे फोटो होते.

तक्रारी मोजायच्या नसतात, जोखायच्या असतात. काट्यावर पोती चढवणाऱ्या बाजारात हे मी वेगळं सांगायला नको होतं, पण मीच चुकले म्हणून लिहिते आहे.

प्रश्न : बीटा म्हणजे आमच्या भाषेत रंगीत तालीम, असं मी नातवाला समजावलं. बरोबर आहे का? मी तीस वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टर होतो.
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : काका, ज्या गावातल्या १८४३च्या प्रयोगावरून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतो, त्या गावच्या माणसाला हीच उपमा सुचणार, आणि ती पुष्कळशी बरोबर आहे. अल्फा आणि बीटा ही ग्रीक मुळाक्षरांतली पहिली दोन अक्षरं. अल्फा चाचणी घरातल्या घरात होते, बीटा बाहेरच्या थोड्या लोकांकडं जाते. पोशाख चढलेला, दिवे लागलेले, पण पडदा अडकला तर थांबून पुन्हा सुरू करायची मुभा असलेली अशी ती तालीम.

एकाच ठिकाणी उपमा तुटते. रंगीत तालमीला तुम्ही ओळखीच्या चार लोकांना बोलावता, तिकीट लावत नाही, आणि आलेल्याला ठाऊक असतं की आपण तालमीला आलोय. इथं लोकांना वाटलं की प्रयोग आहे. घरचं कार्य सोडून, पैसे मोजून आलेला प्रेक्षक अंक दुसरा गाळलेला पाहून ओरडणारच. त्याच्या ओरडण्यावर मला राग येत नाही.

हा शब्द मोठ्या कंपन्यांनीच झिजवला हेही खरं. जीमेल १ एप्रिल २००४ला आलं आणि जुलै २००९पर्यंत त्याच्या नावापुढं ‘बीटा’ लिहिलेलं होतं. सव्वापाच वर्षं! कोट्यवधी लोकांनी ते बिनदिक्कत वापरलं आणि सगळ्यांची समजूत झाली की बीटा म्हणजे नुसती नावाला लावलेली पाटी. मग खरोखर कच्ची बीटा आली की गाफील राहिलेला माणूस फसतो.

प्रश्न : मावशी, मी त्याच कंपनीत काम करतो. मी विट्याचा, वय चोवीस. आवृत्ती बाहेर काढायची तारीख मी ठरवली नव्हती. पण कुणीतरी माझा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि “हाच तो” म्हणून लिहिलं. आईवडिलांवरून शिव्या आल्या. आमच्या गावातही ते फिरलं. आई दोन दिवस जेवली नाही. मी नोकरी सोडू का?
– नाव नको

उत्तर : बाळा, आधी आईला हे पान वाचून दाखव. ज्यांनी तुझा फोटो फिरवला त्यांनी चूक केली, आणि ते यार्डातलेच असतील तर त्यांना मी इथं स्पष्ट सांगते : दुकानाचे पैसे अडकले म्हणून चोवीस वर्षांच्या पोराच्या आईला शिव्या द्यायचा हक्क कुणालाही मिळत नाही. राग कंपनीवर काढा, लेखी काढा, सही करून काढा. तो फोटो ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये आहे त्यानं आज पुसावा.

तू नोकरी सोडावीस का हे मी ठरवू शकत नाही. पण लोक एवढे का चिडले ते तुला समजावं असं मला मनापासून वाटतं. फोटो टाकणाऱ्याचं सोड, बाकीच्यांकडं बघ. दिवाणजीच्या हातून पट्टी चुकली तर त्याची एकवीस वर्षांची पत जाते. शेतकऱ्याच्या समोर पट्टी चुकली तर दुकानाचं नाव जातं, आणि अडतीच्या धंद्यात नावाशिवाय असतं काय? तुमच्या फोनवरून उत्तर गेलं, “बीटा आहे, असं होणारच.” त्या एका वाक्यानं जेवढी आग लावली तेवढी र नं लावली नव्हती. हरवलेल्या पैशापेक्षा, आपलं नुकसान समोरच्याला नुकसानच वाटत नाही, हे माणसाला जास्त लागतं.

साहेबांना सांग, किंवा माझं हे लिहिलेलं त्यांच्या टेबलावर ठेव. पहिलं म्हणजे बीटा ताबडतोब थांबवून जुनी आवृत्ती परत उघडून द्या. हे एका दिवसाचं काम असेल तर एका दिवसात करा. मग प्रत्येक दुकानाला मराठीत कळवा : काय चुकलं, कोणत्या आडनावांत चुकलं, कोणत्या तारखेपासूनच्या पट्ट्या तपासायच्या. दोन-दोन खाती झालेल्यांची यादी तुमच्याकडं एका तासात निघेल, ती दुकानदाराला स्वतः होऊन द्या. त्यानं मागेपर्यंत थांबू नका. पुढच्या वेळी बीटा पाच दुकानांत द्या, जूनमध्ये द्या, आणि त्या पाच दिवाणजींना त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ते तुमचं काम करत असतात.

आणि तू स्वतः त्या दिवाणजींना एकदा भेट. माफी मागायला नाही, शेजारी बसून त्यांची एक पट्टी होताना बघायला. लिलावात दर कसा लागतो, पोत्यामागं किती घट धरतात, हमाल कुठं ओरडून वजन सांगतो आणि ते ऐकत ऐकत दिवाणजी एका हातानं टाइप कसं करतात, हे तू पाहिलं नाहीस अशी माझी खात्री आहे. ते म्हणालेत, कधीही ये.

प्रश्न : फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल लोकांनी तक्रार का करावी? दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत.
– निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : सर, म्हण खरी, पण गाय देताना ती गाभण आहे की भाकड हे देणाऱ्यानं सांगावं की नाही? ११ जानेवारी २००८ला केडीई ४.० हे लिनक्स या फुकट प्रणालीवरचं फुकट डेस्कटॉप, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य पडदा आणि त्यावरची साधनं, आलं. करणारे स्वयंसेवक सांगत होते की हा पाया आहे, अजून रोजच्या वापराचा नाही. पण त्यावर आकडा होता ‘४.०’, आणि कुणीही तो पाहून ‘झालं तयार’ असंच समजणार. लिनक्स तयार करून वाटणाऱ्या काही गटांनी जुनं काढून तेच लोकांना दिलं. गदारोळ असा झाला की खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स यानं ते सोडून दुसरं डेस्कटॉप धरलं. पुढच्या वर्षी जानेवारीत ४.२ आलं तेव्हा ते पुष्कळ सुधारलेलं होतं. म्हणजे काम वाईट नव्हतंच. पाटी चुकीची होती.

मला त्या स्वयंसेवकांबद्दल फार आदर आहे. मीही लिबरऑफिस या लिहिण्या-हिशोबाच्या फुकट सॉफ्टवेअरची येणारी आवृत्ती दर वेळी एका जुन्या लॅपटॉपवर टाकून मराठी शब्द नीट तुटतात का, जोडाक्षरं फुटत नाहीत ना, हे बघते. पैसे मिळत नाहीत. पण फुकट दिलं म्हणून घेणाऱ्याचा वेळ फुकट होत नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. फोनवर अँड्रॉइडची बीटा टाकली. बँकेचं अॅप उघडत नाही. परत मागं कसं जाऊ?
– वालचंदच्या रस्त्यावरचा एक विद्यार्थी

उत्तर : फोनमधलं सगळं आधी दुसरीकडं उतरवून घे. बीटा चालू असताना त्या कार्यक्रमातून बाहेर पडून पक्क्या आवृत्तीवर परतलास तर फोन पूर्ण पुसला जातो. आयफोनवरही खाली उतरायचं तर फोन कोरा करावा लागतो, आणि बीटावर घेतलेली प्रत जुन्या आवृत्तीत बसेलच असं नाही, म्हणून तिथं प्रत बीटा टाकण्याआधी घ्यायची. थांबताच येणार नाही असं काही कारण नसेल तर पक्की आवृत्ती येईपर्यंत धीर धर. बँकेचं काम तेवढे दिवस दुसऱ्या फोनवरून कर. घरात एकच फोन असताना त्यावर बीटा टाकू नये.

हरिपूरची हळदीची पेवं तू पाहिली असशील. जमिनीत खोल खणलेली कोठारं, वर्षानुवर्षं हळद न किडता राहायची. २००५च्या पुरात त्यातली कितीतरी पाण्याखाली गेली. ज्यांचा सगळा माल पेवातच होता त्यांचं सगळं गेलं. तुझे चार वर्षांचे नोट्स कुठं कुठं आहेत ते मोज, आणि एकाच ठिकाणी असतील तर आज रात्री दुसरीकडं ठेव.

प्रश्न : या अनुभवानंतर आम्ही ठरवलं आहे, दुकानात पुन्हा कधी बीटा टाकायची नाही. आमच्या संघटनेत तसा ठराव करावा का?
– अडत व्यापारी, तासगाव

उत्तर : दूध पोळलं की ताकही फुंकून प्यावंसं वाटतं, मला कळतं. चालत्या दुकानात टाकायची नाही, असा ठराव जरूर करा. पण मुळीच टाकायची नाही, असा करू नका.

कारण सांगते. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर असं निघालं की ते मेसेजमध्ये आलं की आयफोनमधलं ते अॅपच कोसळायचं. ते सुधारून देणारी आयफोनच्या प्रणालीची ११.२.६ ही आवृत्ती १९ फेब्रुवारीला आली. पण त्याच वेळी चाचणीत असलेल्या ११.३च्या बीटात तो दोष आधीच दुरुस्त झालेला होता. आपल्याकडच्या लिपींत असे कोपरे भरपूर आहेत : जोडाक्षरं, रफार, तो आडवा र, ळ, अॅ. परदेशातल्या किंवा बंगळुरूच्या चाचणी करणाऱ्याच्या ओळखीत कऱ्हाडकर नावाचा कुणी नसतो. तो कोपरा आपणच तपासला पाहिजे, नाहीतर तो दर वेळी आपल्या पट्टीतच फुटणार.

तेव्हा ठराव असा करा, की संघटनेच्या कार्यालयात एक जुना कॉम्प्युटर वेगळा ठेवायचा, त्यावर गेल्या वर्षीचे हिशोब टाकायचे, आणि पावसाळ्यात, सौदे थंड असताना, दोन दिवाणजींनी आठवड्यातून एक दुपार तिथं बसायचं. बेदाण्याच्या, हळदीच्या, गुळाच्या खऱ्या पट्ट्या टाकून बघायच्या. आणि जे सापडेल ते लिहून कळवायचं.

कसं लिहायचं हेही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. “सॉफ्टवेअर भिकार आहे” असं लिहिलं तर मन हलकं होतं, पण वाचणाऱ्याला कुठं हात घालायचा हे कळत नाही. दिवाणजींनी आणि मी मिळून कंपनीला जे पाठवलं त्यातला मुख्य भाग जसाच्या तसा देते :

“विषय : पट्टीत उचल वजा होत नाही. पैशाचं नुकसान होतं. आवृत्ती : उजव्या कोपऱ्यात लिहिलेली, फोटो सोबत. आम्ही काय केलं : पट्टीचा पडदा उघडला, खातेदाराच्या जागी ‘कऱ्हाडकर’ टाइप केलं, एंटर दाबलं. काय व्हायला हवं होतं : आधीचं खातं उघडून उचल दिसायला हवी. काय झालं : न विचारता नवं खातं तयार झालं, उचल शून्य. प्रत्येक वेळी होतं का : होय, पाचपैकी पाच वेळा. ‘पाटील’ टाइप केल्यास होत नाही. आमचा अंदाज : जुन्या नावाची लांबी ९, नव्या नावाची ८.”

पहिल्याच ओळीत नुकसान काय ते लिहिलं, कारण वाचणारा दिवसाला शंभर तक्रारी वाचत असतो आणि आपली कोणत्या ढिगात ठेवायची ते तो तिथंच ठरवतो. अंदाज शेवटी, आणि अंदाज म्हणूनच. शिवी कुठंच नाही. दिवाणजींना एक ओळ घालायची होती, “माझा पगार कापला जातोय.” मी ती यात घालू दिली नाही, शेवटी वेगळ्या परिच्छेदात ठेवली. तेही त्यांना कळायला हवं.

मजकूर छपाईला जाता जाता : कंपनीनं बीटा मागं घेतली आहे आणि जुनी आवृत्ती पुन्हा उघडते आहे. गेल्या शनिवारी दुरुस्त केलेली नवी आवृत्ती त्यांनी तीन दुकानांत चाचणीला दिली. विट्याचा तो मुलगा स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन आला होता, दुपारभर दिवाणजींच्या शेजारी स्टुलावर बसला. कऱ्हाडकर बरोबर आलं. बिऱ्हाडे बरोबर आलं. कुऱ्हाडे मोबाइलवरून टाइप करून पाठवलं तेव्हा अजूनही दुसरं खातं उघडत होतं, पण या वेळी आधी पडद्यावर मराठीत प्रश्न आला. मुलानं तो दोष वहीत लिहून घेतला, खाली तारीख घातली, आणि दिवाणजींची सही मागितली.